विठूच्या मॅट्रिकसाठी उतरवलेली मिशी

आमचा विठू मॅट्रिकला इंग्रजीत पास व्हावा म्हणून मी सलग एकवीस दिवस गाढवपणा केला, आणि तो सगळा ठरवून केला.

एरवी मी तो न ठरवता करतो, असं आमची ही म्हणायची. ही म्हणजे विठूची आई. तिचं नाव मी उभ्या जन्मात दोनदा घेतलं. एकदा लग्नात, आणि एकदा सरकारी शिरगणतीवाला दारात आला तेव्हा. (त्याही वेळी माहेरचं सांगून बसलो.) गेल्या श्रावणात ती गेली. त्याचं रडगाणं इथे गाणार नाही. रडायचं ते मी आमटीला फोडणी देताना रडून घेतो, धुराच्या नावावर खपून जातं.

मी परळच्या एका गिरणीत मेस्तरी होतो. सांचा, म्हणजे कापडाचा माग, बिघडला की माझ्या नावाने हाक यायची. शिक्षण मराठी तिसरी. तिसरीत मास्तरांनी मला आणि मी मास्तरांना एकाच दिवशी सोडलं. तीस वर्षं सांच्यांच्या खडखडाटात उभा राहिलो, त्यात डावा कान कायमचा गेला. त्यामुळे ही माझ्याशी बोलायची ती चाळीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल अशा आवाजात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचा उपयोग आहे.

विठू आमचा एकुलता. अंगाने सुतळी, पण डोकं बरं. गणित यायचं, संस्कृत यायचं, इतिहासातले सगळे राजे कोण कुणाच्या हातून मेला त्या क्रमाने यायचे. तरी पहिल्या खेपेला मॅट्रिकला आपटला तो इंग्रजीत. आणि इंग्रजीत तरी कशात? अलंकारात! इंग्रज लोक सरळ बोलत नाहीत म्हणे. एक म्हणायचं आणि दुसरं सुचवायचं, याचे त्यांनी वीस-पंचवीस प्रकार केले आहेत, प्रत्येकाला नाव ठेवलं आहे आणि वर परीक्षा ठेवली आहे. विठूने सगळ्या व्याख्या पाठ केल्या होत्या. पण कागदात आलं, ‘प्रत्येकी एक उदाहरण स्वतःचं द्या.’ याने पुस्तकातलं बर्फ लिहिलं, गुलाब लिहिला, सिंह लिहिला. तपासनिसाने सगळ्यावर काट मारली.

“बर्फ कधी पाहिलंस का रे?” मी विचारलं.

“नाही, बाबा.”

“सिंह?”

“राणीच्या बागेत. झोपला होता.”

शाळा गिरगावात. तिथले पेठे मास्तर भला माणूस. त्यांनी विठूला सांगितलं, “विठ्ठला, उदाहरण आपल्या कानांनी ऐकलेलं हवं. घरात, बाजारात माणसं बोलतात, ते ऐक, इंग्रजीत उतरव, मला दाखव.” पण विठू पडला सरळ माणूस. भूक लागली की ‘भूक लागली’ म्हणेल, त्यापुढे एक शब्द नाही. असल्या माणसाला अलंकार कुठून सुचायचे!

मी त्याला स्पष्ट बजावलं होतं, “ही शेवटची खेप. या वेळेला आपटलास तर पुढच्या महिन्यात सांच्यावर. भरती करणाऱ्या जॉबरशी माझं बोलणं झालंय.” मला वाटलं, धाक बसेल. विठूला बसला की नाही कोण जाणे, विठूच्या आईला बसला. तिचा पाठचा भाऊ गिरणीतल्या कापसाच्या धुळीने खोकून खोकून गेला होता, तेविसाव्या वर्षी. ती त्या दिवशी जेवली नाही. एवढंच म्हणाली, “माझा पोरगा त्या धुळीत जायचा नाही.” ते वाक्य तिने हळू आवाजात म्हटलं. माझ्याशी हळू बोललेलं तिचं ते बहुधा पहिलंच.

तर दिवाळीनंतर परीक्षा, आणि परीक्षेच्या आधी पंचवीस दिवस चालत्या सांच्यातून सूत नेणारा धोटा उडाला तो नेमका माझ्या घोट्यावर. हाड वाचलं, पण पायावर उभं राहून काम जमेना. साहेबाने घरी बसवलं. मी घरी बसणं हे विठूच्या आईला धोट्याच्या फटक्यापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्याच दिवशी मी, काहीतरी उपयोग व्हावा म्हणून, लंगडत बाजारात गेलो आणि बांगडे घेऊन आलो. हिने फडकं उघडलं.

“हे कुठून आणलेत?”

“बाजारातून.”

“डोळे बघा त्यांचे, डोळे! सासुरवासाने पिचलेल्या सुनेसारखे आत गेलेत! आणि वास? माहीमची खाडी आली तर तीसुद्धा नाकाला पदर लावील! तुम्ही माशांकडे बघत होतात की कोळणीकडे?”

मी खरं सांगायच्या बेतात होतो (कोळणीकडे), तेवढ्यात विठू पुस्तक टाकून उठला, मला दंडाला धरून ओढत गॅलरीच्या टोकाला घेऊन गेला. तोंड असं फुललेलं की मला वाटलं रिझल्ट लागला.

“बाबा! सिमिली! सुनेसारखे डोळे, ही सिमिली! खाडीने पदर लावला, ते पर्सॉनिफिकेशन! एका दमात दोन!”

“कुठे?”

“आईच्या तोंडात! बाबा, आई म्हणजे अख्खं पुस्तक आहे!”

मला राग आला. वीस वर्षं मी ज्याला बोलणी खाणं समजत होतो ते साहित्य निघालं! पण विठूचे डोळे बघितले आणि म्हटलं, चला, निदान पोराच्या कामी येतंय. तिथेच गॅलरीत आमचं ठरलं. विठू दाराआड वही घेऊन बसणार, मी आत जाऊन तिला डिवचणार. तिला सांगायचं नाही. सांगितलं तर बंद होईल, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मग सुरू झालं! सकाळी विठू तोंड धुताना माझ्या उजव्या कानात सांगायचा, “बाबा, आज हायपरबोली कमी आहेत.” हायपरबोली म्हणजे राईचा डोंगर करायचा. मी चिखलातून एक फेरी मारून यायचो आणि धुतलेल्या गोधडीवर पाय पसरून पडायचो.

“अरे देवा! अख्खा डिलाईल रोड पायाला बांधून घरात आणलात! आता वरळीपर्यंत लोकांनी चालायचं कशावरून?”

दाराआड पेन्सिल खर्र खर्र.

“बाबा, आज आयरनी.” आयरनी म्हणजे स्तुतीच्या पुडीत जोडा बांधून द्यायचा. त्या दिवशी मी स्वयंपाकात मदत करायला गेलो. तांदूळ निवडता निवडता खडे ठेवले आणि तांदूळ टाकले. (हे मात्र ठरवून नव्हतं.)

“वा वा! काय हात! याच हातांवर गिरणी चालते म्हणे! सरकारने चौकात तुमचा पुतळा उभारायला हवा, हातात सूप देऊन! आम्ही रोज येऊन पाया पडू!”

खर्र खर्र.

मी छत्री घरात उघडून वाळत घातली. वाटाण्याची उसळ आवडीने खाऊन वर विचारलं, “ही कसली?” तिच्या माहेरचा तांब्या दोरी बांधून कंदिलासारखा टांगला. एक दिवस तर काहीच सुचेना म्हणून तिला म्हटलं, “तू हल्ली फार कमी बोलतेस.” त्या एका वाक्यावर विठूची पाच पानं भरली!

पण गाढवपणाचंही एक प्रमाण असतं, ते मी ओलांडलं. आठ-दहा दिवसांनी चाळीत कुजबुज सुरू झाली. शेजारच्या गंगूमावशी म्हणजे चाळीचा भोंगा. एकदा वाजल्या की तिन्ही मजल्यांना ऐकू जावं असा आवाज. त्यांनी हिला नळावर गाठलं.

“गो बाय, मेस्तरींच्या पायाला धोटा लागला की डोक्याला?”

आणि ही, जी मला दिवसभर धारेवर धरायची, ती कासावीस झाली! त्याच संध्याकाळी मला पाटावर बसवलं, हातात मीठ-मिरच्या-मोहऱ्या घेतल्या आणि माझी दृष्ट काढायला लागली.

“आल्याची, गेल्याची, दारची, चाळीची, करी रोडची, परळची, लालबागची, उभ्या मुंबईची, आणि बोटीत बसून विलायतेला चाललेल्या गोऱ्या साहेबाची नजर लागली असेल, ती जळो!”

मी डोळे मिटून बसलो होतो. विलायतेच्या साहेबाने माझ्यात काय बघितलं असेल, याचा विचार करत होतो. तेवढ्यात दाराआडून विठू ओरडलाच, “क्लायमॅक्स!” (पायरी पायरीने चढत गेलं की तो क्लायमॅक्स.) त्याच क्षणी मिरच्या चुलीत पडल्या, धूर उठला, आणि विठू शिंका देत देत वहीसकट बाहेर आला.

“काय रे लिहितोयस?” तिने विचारलं.

“अ... अभ्यास.”

“मिरच्यांचा?”

त्या दिवशी निभावलं. पण वही गिरगावात मास्तरांकडे गेली होती आणि वहीला पाय फुटले. रविवारी दुपारी आमच्या जिन्यात जोड्यांचा आवाज आला. बघतो तर पगडी, उपरणं, हातात काठी. स्वतः पेठे मास्तर! ट्रामने आणि उरलेलं चालत, परळपर्यंत!

“मेस्तरी,” मास्तर बसता बसता म्हणाले, “वीस वर्षं शिकवतो आहे, पण अशी उदाहरणं माझ्या पाहण्यात नाहीत. विठ्ठल म्हणाला, सगळी घरच्या माउलीची आहेत. म्हटलं, त्या विदुषीला नमस्कार करून यावं.”

मी डोळ्यांनी खुणा केल्या. भुवया उडवल्या. घसा खाकरला. शेवटी लंगड्या पायाने मास्तरांच्या काठीला ढोसलं.

“पाय फार दुखतो का हो?” मास्तर म्हणाले आणि त्यांनी वही उघडली.

ही आतल्या दाराशी पदर घेऊन उभी होती. मास्तरांनी आधी इंग्रजीतून वाचलं, तोपर्यंत ठीक होतं. मग त्यांना वाटलं, माउलीलाही कळावं. म्हणून ते आपल्या शुद्ध मराठीत अर्थ सांगायला लागले.

“‘या मत्स्यांचे नेत्र श्वशुरगृही श्रमलेल्या स्नुषेप्रमाणे खोल गेले आहेत!’ अहाहा! ‘हे पतिराज, आपण समग्र डिलाईल मार्ग चरणी बांधून गृही आणिला!’ काय कल्पना आहे!”

आत बांगड्या वाजत होत्या, त्या थांबल्या.

मास्तर वाचत गेले. पुतळा झाला, सूप झालं, तांब्या झाला. गॅलरीत गंगूमावशी आणि आणखी चार बायका कान लावून उभ्या. मास्तर प्रत्येक वाक्यानंतर ‘अहाहा’ म्हणत होते आणि मी प्रत्येक ‘अहाहा’ला दोन बोटं जमिनीत जात होतो. शेवटी त्यांनी वही मिटली. “आता फक्त एक प्रकार राहिला, अपॉस्ट्रफी,” ते म्हणाले. “जो समोर नाही, इहलोकात नाही, त्याला समोर असल्यासारखी हाक मारून बोलायचं. अर्थात समोरून उत्तर येत नसतं! गेल्या खेपेला तोच आला होता, यंदाही येईल असं माझं मन सांगतं. तेवढं उदाहरण माउलींकडून मिळालं, की विठ्ठल पास!”

आतून आवाज आला, अगदी शांत. “विठू, मास्तरांना केळं दे.”

(मास्तरांनी आमच्याकडचं पाणी घेतलं नाही, ते त्यांच्या रीतीने. केळं मात्र घेतलं. केळ्याला साल असते.)

मास्तर गेले. मी मान खाली घालून आत गेलो. आता चाळ हादरणार, म्हणून डावा कान पुढे केला.

“जेवायला वाढलंय,” ती म्हणाली.

बस्स. तेवढंच! दुसऱ्या दिवशीही तेच. “मीठ हवं?” “हो.” “घ्या.” मी मुद्दाम पाण्याची कळशी आडवी केली, सगळं घर तळं झालं. तिने फडकं घेतलं, पुसलं आणि म्हणाली, “पाणी सांडलं.” अहो, पाणी सांडलं होतं हे मलाही दिसत होतं! त्यासाठी का वीस वर्षं संसार केला!

परीक्षा चार दिवसांवर आली. विठू तिच्या पुढ्यात जाऊन बसला. “आई, बोल ना गं.”

“काय बोलू?” ती म्हणाली. “नवऱ्याला मी घरात काय वाटेल ते बोलेन. माझा आहे तो. पण परका माणूस पगडी घालून येतो आणि ह्यांना माझ्याच तोंडचं ऐकवतो, बाहेर बायका हसतात. ते घरातलं होतं रे, विठू. वहीतलं नव्हतं.”

मी दारात उभा होतो. माझा चांगला कान नेमका तिच्याकडे होता.

विठूने वही मिटली. म्हणाला, “मग मी सांच्यावर जाईन. चालेल मला.” सरळ माणूस! त्याने ते अलंकाराशिवाय म्हटलं, म्हणूनच ते तिला लागलं. ती उठली, पदर खोचला, माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “थांब, बोलते. घे वही.” विठूने पेन्सिल सरसावली. मी चेहरा होईल तेवढा मूर्ख केला. तिने माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

“अहो, तुम्ही... तुम्ही वाईट आहात.”

विठूने पेन्सिल खाली ठेवली.

“ठरवून येत नाही रे मला!” ती रडकुंडीला येऊन म्हणाली. “बोलायला बसलं की तोंडाला कुलूपच लागतं!”

मग मी ओळखलं, आता किरकोळ गाढवपणाने भागणार नाही. कुलूप फुटेल असं काहीतरी करायला हवं. आणि मला सुचलं. माझ्या आयुष्यात मला एकट्याला सुचलेली ही एकच गोष्ट, आणि ती ही!

दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेल्यावर मी करी रोडच्या नाक्यावरच्या न्हाव्यापुढे जाऊन बसलो. “मिशी काढ.”

न्हाव्याच्या हातातला वस्तरा थांबला. माझी मिशी साधीसुधी नव्हती. गिरणीतली नवी पोरं मला तिच्यावरून ओळखायची. आणि आमच्यात मिशी उतरते ती घरातलं वडीलधारं गेलं तरच. हे सगळ्या परळला ठाऊक. मलाही ठाऊक होतं! पण त्या वेळी माझं सगळं लक्ष अलंकाराकडे होतं.

“कोण गेलं, मेस्तरी?” न्हाव्याने हळूच विचारलं.

“कोणी नाही. काढ तू.”

त्याला वाटलं, दुःखाने बोलवत नाही. त्याने डोळे पुसत मिशी काढली.

मी लंगडत घरी पोचेपर्यंत बातमी धावत पोचली होती. आईबाप माझे कधीच गेलेले, त्यामुळे चाळीने आपसात विचार करून माझ्या गावच्या थोरल्या भावाला, दादाला, मारून टाकलं होतं. दारात पंधरा-वीस बायका. गंगूमावशींनी तर गळाच काढला होता.

“काय रे माझ्या दादा! कसा रे आम्हाला टाकून गेलास!”

(त्यांनी दादाला जन्मात पाहिला नव्हता!)

“अहो मावशी, कोणी गेलेलं नाही!” मी ओरडलो.

“बघा बघा!” मावशी बायकांना म्हणाल्या. “धक्क्याने डोकं फिरलं हो मेस्तरींचं! तरीच तीन आठवडे कसंतरीच करत होते. आधी चाहूल लागली असणार!”

आणि त्याच वेळी विठूची आई जिना चढून वर आली.

दारात बायका, रडारड, आणि आत काय झालंय ते दिसत नाही. तिच्या हातातली भाजीची टोपली सुटली, कांदे जिन्यावरून टप् टप् टप् खाली गेले. ती एवढंच म्हणाली, “विठू?”

तो आवाज मला अजून ऐकू येतो. हे मी करायला नको होतं. उघड सांगतो, नको होतं.

“मी इथे आहे, आई,” विठू आतून बाहेर आला.

ती मटकन उंबऱ्यावर बसली. विठूच्या पायाला हात लावून बघितला, खरा आहे की नाही. मग तिची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. मिशी होती तिथे थांबली. एक क्षण, दोन क्षण. गंगूमावशीसुद्धा गप्प. आणि विठूच्या आईने माझ्याकडे पाठ केली, मान वर केली आणि बारा वर्षांमागे वारलेल्या आपल्या आईला हाक मारली.

“अगं आये! वर बसून बघतेस काय? ये खाली, ये अश्शी! हा बघ तू शोधलेला जावई! म्हणालीस, ‘मुलगा निर्व्यसनी आहे, शांत आहे, मिशी भरदार आहे.’ मी म्हटलं, बरं. आता घे! मिशीसुद्धा गेली! आता काय दाखवून सांगू गं लोकांना, याला कशासाठी पत्करला ते?”

चाळ हसायला लागली. ज्या बायका दादासाठी रडत होत्या त्या त्याच पदराने डोळे पुसत हसत होत्या. आणि विठू दाराला टेकून, शिंक नाही काही नाही, डोळ्यांतून पाणी गाळत खर्र खर्र लिहीत होता. एकदम तिचं लक्ष गेलं. मला वाटलं, संपलं, आता पुन्हा कुलूप!

“लिहिलंस सगळं?” तिने विचारलं.

“हो, आई.”

“ते ‘निर्व्यसनी’ गाळू नकोस. तेवढं एक खरं आहे.”

इंग्रजीच्या कागदात पाचवा प्रश्न आला, अपॉस्ट्रफी, स्वतःचं उदाहरण द्या. विठूने माझी सासू स्वर्गातून खाली बोलावली आणि माझी मिशी इंग्रजीत उतरवली. पास झाला! पेढे घेऊन घरी आला तेव्हा ही मला म्हणाली, “अभिनंदन! विठू नुसता बसला होता. कागद माझा होता आणि प्रश्न तुम्ही.” विठूने खिशातून वही काढली. तिने ती त्याच्या हातातून घेतली आणि डाळीच्या डब्यामागे ठेवून दिली. “झाली ना परीक्षा? मग हे आता घरातलं.”

मध्यंतरी एक झालं. आमच्या चाळीतला एक गडी त्या मिशीच्याच दिवशी बोटीने कोकणात निघाला होता, तो बातमी घेऊन गेला. दहा दिवसांनी दारात दादा उभा. काखेत बोचकं, कपाळावर आठ्या.

“माझं तेरावं कधी आहे?” तो म्हणाला. “आलोय तसा जेवूनच जातो.”

विठू दादाकडे बघत राहिला. मग माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, “बाबा, हे तुमच्या घराण्यातही आहे!”

विठू सांच्यावर गेला नाही. लालबागेत एका शाळेत मास्तर झाला, मुलांना इंग्रजी शिकवतो. ही ते बघून गेली. गेल्या श्रावणात मी पुन्हा मिशी उतरवली. बायकोसाठी उतरवायची आमच्यात रीत नाही. नाक्यावरचा न्हावी तोच. त्याला काही माहीत नव्हतं. मला बघून हसला आणि म्हणाला, “काय मेस्तरी, पुन्हा परीक्षा?” मी म्हटलं, “हो. काढ तू.”

आता स्वयंपाक मी करतो. विठू शाळेतून येईपर्यंत घरात कोणी नसतं, त्यामुळे बोलायला मोकळीक असते. परवा आमटी चुलीवरून उतरवली आणि म्हटलं, “ये गं, बघ! आज जमलीय की नाही? आज काढ नाव! बोल की आता, गप्प काय बसलीस?”

दाराआड खर्र खर्र झालं.

“काय रे, कधी आलास? काय लिहितोयस?”

“काही नाही, बाबा.” विठू ओशाळला. “उद्या वर्गात अपॉस्ट्रफी घ्यायची आहे. तुमचं वाक्य उतरवून घेतलं.”

“घे. पण मास्तरांचं ते एक खोडून टाक. समोरून उत्तर येत नाही म्हणाले होते ना?”

“मग येतं?”

“येतं तर! चांगलं डाव्या कानात येतं.”

विठूने पेन्सिल कानामागे खोचली. मग त्याने विचारलं, “काय म्हणाली आई?”

“म्हणाली, मीठ दोनदा घातलंत.”

विठूने पळीने चव घेतली. तोंड वाकडं केलं. सरळ माणूस, सरळच बोलला.

“दोनदा नाही, बाबा. तीनदा.”

हयातीत तिने माझा एकही गाढवपणा कधी कमी करून सांगितला नव्हता. हल्ली सवलत देते.